किडनीच्या रुग्णाला न्यूमोनिया : पहिला डोस पूर्ण, पुढचे मोजून

या वेळची बहुतेक पत्रं एकाच काळजीची आहेत. घरातल्या माणसाची किडनी निकामी होत आली आहे, त्यात छातीचा संसर्ग झाला, आणि गावातले डॉक्टर एक सांगतात तर डायलिसिसच्या ठिकाणी दुसरंच सांगितलं जातं. मराठवाड्यात किडनीतज्ज्ञ जिल्ह्याच्या गावाला असतात, छातीचे डॉक्टर कधी तिथेच तर कधी संभाजीनगर-लातूरला, आणि पहिला उपचार मात्र बहुतेक वेळा गावातच होतो. म्हणून मात्रा, वेळा आणि त्यांमागची कारणं इथे सविस्तर दिली आहेत. आकडे मोठ्या माणसांसाठीचे आहेत. डॉक्टरांशी बोलताना हाताशी असावेत यासाठी ते दिले आहेत. त्यांच्या आधारे मेडिकलमधून परस्पर औषध आणू नका.

प्रश्न : वडील ६४ वर्षांचे, क्रिएटिनिन ५.८, डायलिसिस अजून सुरू नाही. चार दिवसांपासून खोकला आहे, थोडं चाललं की दम लागायलाय, जेवण जाईना. पण ताप नाही. गावातले डॉक्टर म्हणाले, ताप नाही म्हणजे न्यूमोनिया नाही. थांबून बघावं का? (परळीहून)

उत्तर : थांबू नका, आजच छातीचा एक्स-रे काढा. किडनी गाळण्याचं काम सोडते तेव्हा रक्तात साठणाऱ्या द्रव्यांमुळे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी मंदावतात. ताप हा त्या लढाईचाच भाग असल्यामुळे लढाई दुबळी झाली की तापही कमी येतो किंवा येतच नाही. मधुमेह, वय आणि खाण्यातली घट यांची त्यात भर पडते. अशा रुग्णाचा न्यूमोनिया पुष्कळदा सुस्ती, बोलण्यातला गोंधळ, अन्नावरची वासना जाणं, घरातच तोल जाऊन पडणं किंवा कारण नसताना साखर वाढणं एवढ्याच खुणांनी कळतो. अंगदुखीसाठी पॅरासिटामॉल चालू असेल तर उरलासुरला तापही झाकला जातो.

घरी दोन गोष्टी मोजा. पहिली श्वास. वडील शांत बसलेले असताना, त्यांना न सांगता, पोट वरखाली होताना पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं तर चूक होते. १२ ते २० नेहमीचे. २४ च्या पुढे गेले तर त्याच दिवशी डॉक्टर, ३० किंवा जास्त असतील तर १०८ ला फोन. दुसरी ऑक्सिजनची पातळी. दोन मिनिटं बसवून, बोट गरम करून मोजा. फिस्टुला (डायलिसिससाठी हातात जोडलेली शीर) असलेल्या हाताच्या बोटावर आकडा खोटा कमी येऊ शकतो, म्हणून दुसरा हात घ्या. ९४ च्या खाली दाखवून घ्या, ९० च्या खाली तातडीचं समजा. जुनी सीओपीडी (श्वासनळ्या अरुंद होण्याचा आजार) असेल तर त्यांचा नेहमीचा आकडा किती होता त्याच्याशी तुलना करा. हिमोग्लोबिन ७-८ असेल तर मीटरवरच्या ९६ वर समाधान मानू नका; रक्तच कमी असल्यामुळे शरीराला पोहोचणारा ऑक्सिजन त्या आकड्यापेक्षा बराच कमी असतो.

न्यूमोनिया किती गंभीर आहे हे ठरवायला डॉक्टर पाच गुणांची मोजणी वापरतात : मनाचा गोंधळ, रक्तातला युरिया ४२ मिलिग्रॅमच्या वर, श्वास ३० किंवा जास्त, वरचा रक्तदाब ९० च्या खाली किंवा खालचा ६० वा कमी, आणि वय ६५ किंवा जास्त. क्रिएटिनिन ५.८ असलेल्या माणसाचा युरिया एरवीही शंभराच्या पुढे असतो. म्हणजे हा एक गुण त्याला न्यूमोनिया नसतानाही मिळतो, आणि मोजणी फुगते. म्हणून युरिया वगळून उरलेल्या चार खुणा बघाव्यात, पण त्या कमी आल्या तरी वडिलांसारख्या रुग्णाला घरी ठेवण्याचा निर्णय हलक्यात घेऊ नये. आमच्या मते क्रिएटिनिन पाचच्या पुढे, दम आणि जेवण बंद, एवढं दाखल करायला पुरेसं आहे.

एक्स-रेबरोबर पोटॅशियम, बायकार्बोनेट आणि ईसीजी मागून घ्या. किडनीच्या रुग्णाचा श्वास रक्तातलं आम्ल वाढल्यामुळेही जोरात चालतो. छाती साफ आणि श्वास ३२, असं दिसलं तर तिकडे बघावं लागतं.

प्रश्न : आईचं वय ७०, वजन ४० किलो. मधुमेह आहे. न्यूमोनिया निघाला. डॉक्टरांनी लिव्होफ्लॉक्सासिन ७५० रोज एक आणि अमिकासिनची इंजेक्शनं दिली. क्रिएटिनिन फक्त १.८ आहे, त्यामुळे किडनीची भीती नाही असं नातेवाईक म्हणतात. बरोबर आहे का? (गेवराईहून)

उत्तर : नाही. १.८ हा आकडा तुमच्या आईच्या बाबतीत फसवा आहे. क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होतं, आणि ४० किलोच्या म्हाताऱ्या माणसात स्नायूच थोडे. औषधाची मात्रा ठरवताना गाळण्याचा वेग काढतात तो असा : १४० मधून वय वजा करा, उरलेल्याला वजनाने गुणा, मग ७२ गुणिले क्रिएटिनिनने भागा, बाई असेल तर ०.८५ ने गुणा. आईसाठी : १४० वजा ७० म्हणजे ७०, ७० गुणिले ४० म्हणजे २८००, ७२ गुणिले १.८ म्हणजे सुमारे १३०, भागाकार २१.६, ०.८५ ने गुणल्यावर साधारण १८. तरुण माणसात हा वेग शंभराच्या आसपास असतो. आईचा १८ आहे. हे गणित क्रिएटिनिन स्थिर असतानाच खरं ठरतं. ते रोज चढत असेल तर प्रत्यक्षातला वेग याहूनही कमी धरावा.

आता औषधं. लिव्होफ्लॉक्सासिन जवळजवळ सगळं लघवीवाटे जातं. वेग २० ते ४९ असेल तर ७५० दर ४८ तासांनी, २० च्या खाली किंवा डायलिसिसवर असेल तर पहिला डोस ७५० आणि त्यानंतर ५०० दर ४८ तासांनी. रोज ७५० घेतलं तर ते साचतं. मग झोप उडते, भ्रम होतो, कधी झटके येतात, टाचेमागचा स्नायूबंध दुखतो किंवा तुटतो, आणि मधुमेहाची ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर साखर धोकादायक खाली जाते. शिवाय किडनीचे रुग्ण कॅल्शियमच्या किंवा लोहाच्या गोळ्या घेत असतात. त्या लिव्होफ्लॉक्सासिनबरोबर पोटात गेल्या तर औषधाला बांधून टाकतात आणि ते रक्तात पोहोचतच नाही. मध्ये निदान दोन तासांचं अंतर हवं. डॉक्सिसायक्लिनलाही हेच लागू.

या औषधाबद्दल आणखी एक हरकत आहे आणि ती आम्हाला जास्त महत्त्वाची वाटते. लिव्होफ्लॉक्सासिन क्षयाच्या जंतूलाही थोडं मारतं. छातीत क्षय असेल तर आठ दिवस बरं वाटतं, बेडक्यात जंतू सापडत नाहीत, आणि रोगाचं निदान महिना-दोन महिने पुढे जातं. आपल्याकडे क्षय इतका आहे की दुसरं औषध चालत असेल तर लिव्होफ्लॉक्सासिन पहिल्यांदा वापरू नये, वापरायचंच तर आधी बेडका तपासणीला द्यावा.

अमिकासिन, जेन्टामायसिन ही इंजेक्शनं स्वस्त आहेत म्हणून गावोगाव सर्रास दिली जातात. ती किडनीच्या नळ्यांना इजा करतात, कानाची नस कायमची खराब करू शकतात, आणि फुप्फुसात त्यांचा प्रभावही कमी पडतो. दुसरं काही चालत नाही असं कल्चरने (जंतू वाढवून केलेल्या तपासणीने) दाखवलं तरच, रक्तातली पातळी मोजत, ती द्यावीत. आईची इंजेक्शनं आजच डॉक्टरांना विचारून थांबवा.

मग द्यायचं काय? रुग्णालयाबाहेर झालेल्या साध्या न्यूमोनियात सेफ्ट्रियाक्सोन १ ते २ ग्रॅम दिवसातून एकदा, सोबत अ‍ॅझिथ्रोमायसिन ५०० मिलिग्रॅम रोज किंवा डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम दोनदा. या तिन्हींची मात्रा किडनीसाठी कमी करावी लागत नाही, कारण ती बऱ्याच अंशी यकृत-पित्तावाटे बाहेर जातात. सेफ्ट्रियाक्सोन मात्र दिवसाला २ ग्रॅमच्या पुढे नेऊ नये. अ‍ॅझिथ्रोमायसिन देण्याआधी ईसीजी आणि पोटॅशियम बघावं; हृदयाची लय बिघडण्याचा धोका या रुग्णांत जास्त असतो. अ‍ॅझिथ्रोऐवजी क्लॅरिथ्रोमायसिन लिहिलं असेल तर वेग ३० च्या खाली मात्रा निम्मी लागते, आणि ते अ‍ॅटोर्वास्टॅटिन, अ‍ॅम्लोडिपिन यांची रक्तातली पातळी वाढवतं. रक्तदाब एकदम पडतो.

अ‍ॅमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेटची ६२५ ची गोळी एरवी तीनदा देतात. वेग १० ते ३० असेल तर १२ तासांनी एक, १० च्या खाली २४ तासांनी एक. त्याच औषधाची १ ग्रॅमची मोठी गोळी ३० च्या खाली द्यायचीच नाही.

याची उलट बाजूही सांगायला हवी, कारण तिच्यामुळे माणसं दगावतात. किडनी खराब आहे म्हणून काही जण पहिलाच डोस अर्धा देतात. पहिल्या डोसचं काम रक्तात औषधाची पातळी उभी करणं. ती किती लागेल याचा किडनीशी संबंध नाही. किडनी ठरवते ते औषध किती वेळाने बाहेर जाईल, म्हणजे दुसरा डोस कधी आणि केवढा. म्हणून पहिला डोस पूर्ण आणि ताबडतोब, रिपोर्टची वाट न पाहता. संसर्गामुळे क्रिएटिनिन अचानक चढलं असेल तर पुष्कळदा ते दोन दिवसांत उतरूही लागतं. त्या ४८ तासांत पेनिसिलिन-सेफ्ट्रियाक्सोन गटातली औषधं घाईने कमी करू नयेत. सेफेपाइमच्या बाबतीत मात्र ही सूट नाही. ते का, हे पुढच्या उत्तरात आहे.

प्रश्न : भाऊ सोमवार-गुरुवार डायलिसिसला जातो. न्यूमोनिया झाला म्हणून दाखल केला आहे. तिथे डायलिसिस नाही. अशक्त आहे, एक पाळी चुकवली तर चालेल का? आणि इंजेक्शन डायलिसिसच्या आधी द्यायचं की नंतर? (औशाहून)

उत्तर : पाळी चुकवू नका. संसर्गात शरीर स्वतःचेच स्नायू मोडतं, त्यातून पोटॅशियम आणि आम्ल नेहमीपेक्षा वेगाने वाढतं. फुप्फुसाचा काही भाग न्यूमोनियाने आधीच बंद झालेला असतो, त्यात पाणी साठलं तर उरलेला भागही बुडतो. आठवड्यात दोनच पाळ्या होणाऱ्या माणसाची एक चुकली की मध्ये सहा-सात दिवसांची खिंड पडते. रक्तदाब कमी असेल तर पाळी लांबवून, सावकाश, कमी पाणी काढत करता येते. थुंकीतून रक्त पडत असेल तर हेपॅरिनशिवाय (रक्त गोठू न देणाऱ्या औषधाशिवाय) करायला सांगा.

म्हणूनच दाखल करताना पहिला प्रश्न हा विचारा : इथे आयसीयू आणि डायलिसिस एकाच ठिकाणी आहे का, आणि आज यंत्र मोकळं आहे का. संभाजीनगरचं घाटी, लातूर, नांदेड, अंबाजोगाई इथली शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं जवळ पडत असतील तरी फोन करून निघा. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस येतं, पण रुग्णालय त्या योजनेत आहे का ते तिथल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनीसाला) दाखल होतानाच विचारा. डिस्चार्जच्या वेळी विचारून उपयोग नसतो.

इंजेक्शनचं असं. सेफ्ट्रियाक्सोन, अ‍ॅझिथ्रोमायसिन, डॉक्सिसायक्लिन डायलिसिसमध्ये फारसं निघून जात नाही, कधीही चालतं. मेरोपेनेम, पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम, अ‍ॅमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट निघून जातात. त्या दिवशीचा डोस पाळी संपल्यावर द्यायचा. सकाळी आठला मेरोपेनेम आणि नऊला मशीन असं झालं तर औषधाचा मोठा हिस्सा वाया जातो आणि पुढचे वीस तास जंतू मोकळे राहतात. वॉर्डातल्या परिचारिकेला डायलिसिसची वेळ माहीत नसते, आणि डायलिसिसच्या तंत्रज्ञाला अँटिबायोटिकची. ही वेळ घरच्या माणसाने दोघांनाही सांगावी. केस पेपरच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून घ्यावी.

मेरोपेनेम वेग १० ते २५ असताना अर्धी मात्रा १२ तासांनी, १० च्या खाली अर्धी मात्रा २४ तासांनी. पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम एरवी ४.५ ग्रॅम ६ ते ८ तासांनी देतात. डायलिसिसच्या रुग्णाला २.२५ ग्रॅम १२ तासांनी, रुग्णालयात लागलेला न्यूमोनिया असेल तर ८ तासांनी. ही दोन्ही राखीव औषधं आहेत. डायलिसिसला जातो एवढ्या कारणावरून ती पहिल्या दिवशी देऊ नयेत. गेल्या तीन महिन्यांत दाखल होऊन शिरेतून अँटिबायोटिक घेतलं असेल, किंवा आधीच्या कल्चरमध्ये दाद न देणारा जंतू सापडला असेल, तर गोष्ट वेगळी.

सेफेपाइमची मात्रा कमी केली नाही तर ते मेंदूवर परिणाम करतं. रुग्ण दोन-तीन दिवसांनी बरळू लागतो, हातपाय दचकतात, एकटक बघत राहतो. घरच्यांना वाटतं आजार वाढला, डॉक्टरांना वाटतं युरिया चढला. औषध थांबवून डायलिसिस केलं की बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत माणूस शुद्धीवर येतो. सेफेपाइम चालू असताना वागणं बदललं तर त्याच दिवशी विचारा.

प्रश्न : एक्स-रेत दोन्ही बाजू पांढऱ्या दिसतात. एक डॉक्टर पाणी म्हणतात, दुसरे न्यूमोनिया. कोणाचं ऐकावं? (हिंगोलीहून)

उत्तर : दोघंही बरोबर असू शकतात. पाण्याच्या बाजूने बोलणाऱ्या खुणा : ड्राय वेटपेक्षा (जास्तीचं पाणी काढल्यावर उरणाऱ्या वजनापेक्षा) वजन दोन-तीन किलोने जास्त, पाळी चुकलेली, आडवं पडलं की दम आणि उठून बसलं की आराम, पायावर सूज, रक्तदाब चढलेला. न्यूमोनियाच्या बाजूने : एकाच बाजूला जास्त सावली, पिवळा किंवा गंजासारखा कफ, श्वास घेताना एका जागी टोचणं, रक्तदाब नेहमीपेक्षा कमी. डायलिसिसच्या रुग्णाचा रक्तदाब एरवी १६० असतो आणि आज ११० आहे, तर तो 'नॉर्मल' नाही.

निवाडा करण्याचा उत्तम मार्ग म्हणजे पाणी काढून पुन्हा बघणं. एक-दोन पाळ्यांत जास्तीचं पाणी काढून एक्स-रे पुन्हा काढा. पाणी असेल तर सावली एका दिवसात पुष्कळ साफ होते. न्यूमोनियाची तशी हटत नाही. मात्र हे ठरेपर्यंत अँटिबायोटिक अडवून ठेवू नये.

महागड्या रक्ततपासण्यांवर इथे फार विसंबू नका. हृदयावरचा ताण दाखवणारी एनटी-प्रोबीएनपी किडनीच्या रुग्णात नेहमीच वाढलेली असते. जंतुसंसर्ग दाखवणारी प्रोकॅल्सिटोनिनही संसर्ग नसताना ०.५ च्या आसपास किंवा वर असू शकते. एकदाच करून निष्कर्ष काढण्यापेक्षा दोन-तीन दिवसांनी पुन्हा करून ती चढते की उतरते ते बघणं उपयोगी. शंका राहिलीच तर छातीचा साधा सीटी स्कॅन होतो. त्याला शिरेतून औषध टोचावं लागत नाही, तेव्हा किडनीच्या भीतीने तो नाकारू नका.

प्रश्न : फार अशक्तपणा आहे, एखादं सलाईन लावून घ्यावं का? (सेलूहून)

उत्तर : अशक्तपणासाठी मुळीच नाही. नॉर्मल सलाईनच्या ५०० मिलिलिटरच्या एका बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं. किडनीच्या रुग्णाला दिवसभरात एकूण पाच ग्रॅमच मीठ चालतं. लघवी कमी होणाऱ्या माणसाला ही बाटली थेट फुप्फुसात जाते असंच समजा. रक्तदाब कोसळला असेल, हातपाय गार पडले असतील, तर मात्र सलाईन जीव वाचवतं आणि किडनीच्या नावाने ते नाकारणंही चूक. तेव्हा २५० मिलिलिटर देऊन छाती आणि रक्तदाब पुन्हा तपासून पुढचं ठरवावं. सुई लावायची ती तळहाताच्या मागच्या बाजूला. मनगटापासून कोपरापर्यंतच्या शिरा पुढच्या फिस्टुलासाठी राखायच्या असतात. फिस्टुला असलेल्या हाताला तर सुई नाही आणि रक्तदाबाचा पट्टाही नाही.

प्रश्न : ताप-खोकल्याला घरी काय देता येईल? काढा, खोकल्याचं औषध, अंगदुखीची गोळी? (माजलगावहून)

उत्तर : तापाला पॅरासिटामॉल ५००, दोन गोळ्यांत सहा ते आठ तास. बाकी डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, अ‍ॅसिक्लोफेनॅक, निमेसुलाइड, यांची गोळी नको आणि कमरेतलं इंजेक्शनही नको. मेडिकलमधून सुटी मिळणारी सर्दी-तापाची पुडी तर अजिबात नको, त्यात काय आहे ते कळतच नाही.

खोकल्याच्या बऱ्याच औषधांत झोप आणणारं द्रव्य असतं. लिव्होसेटिरिझिन डायलिसिसच्या रुग्णाला देऊ नये. कोडीन, ट्रॅमाडॉल साचतात आणि श्वास मंदावतो. पायाच्या जळजळीसाठी प्रिगाबालिन किंवा गाबापेन्टिन चालू असेल तर तेही आजारपणात साचतं. रुग्ण गुंगीत राहतो, खोकून कफ काढत नाही, घास श्वासनलिकेत जातो, आणि न्यूमोनिया बरा होण्याऐवजी वाढतो. गुंगी दिसली तर या गोळ्यांची आठवण डॉक्टरांना करून द्या.

उलट्या-जुलाब होत असतील किंवा जेवण बंद असेल तर मेटफॉर्मिन, डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या, रक्तदाबाच्या टेल्मिसार्टन-रॅमिप्रिल गटातल्या गोळ्या आणि लघवीच्या गोळ्या तात्पुरत्या थांबवायच्या की नाहीत, हे त्याच दिवशी फोनवर विचारा. मेटफॉर्मिन तर वेग ३० च्या खाली एरवीही चालत नाही. इन्सुलिन किडनीच्या रुग्णात जास्त वेळ टिकतं; न जेवता नेहमीचं युनिट घेऊ नका, आणि स्वतःच्या मनाने पूर्ण बंदही करू नका. दिवसातून चार वेळा साखर बघून डॉक्टरांना आकडे कळवा.

काढ्याचा मोह समजतो. पण ज्येष्ठमधाने रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम बिघडतं. गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झाल्याची नोंद मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली आहे. वाफ घ्यायला हरकत नाही; कपभर कोमट पाण्यात आलं चालेल, ते पाणी दिवसाच्या मापात धरा.

प्रश्न : मानेत डायलिसिसची नळी आहे. मशीन सुरू झाल्यावर अर्ध्या तासात हुडहुडी भरून ताप येतो. एक्स-रेत छातीत गोल डाग आहेत. न्यूमोनियाची औषधं चालू आहेत, गुण नाही. (वसमतहून)

उत्तर : इथे संसर्गाचं मूळ नळीत असण्याची शक्यता मोठी आहे. नळीतले जंतू मशीन सुरू होताच रक्तात ढकलले जातात, म्हणून ताप त्याच वेळी येतो; तिथून फुप्फुसात जाऊन ते डाग धरतात. अँटिबायोटिक बदलण्याआधी एक रक्त नळीतून आणि एक दुसऱ्या शिरेतून, अशी दोन कल्चर पाठवायला सांगा. या संसर्गात पुष्कळदा स्टॅफिलोकोकस जंतू असतो आणि त्यासाठी व्हॅन्कोमायसिन लागू शकतं. ते रक्तातली पातळी मोजून, डायलिसिसच्या वेळेशी जुळवून देतात. तो जंतू सापडला किंवा ताप उतरला नाही तर नळी काढावीच लागते, आणि हृदयाच्या झडपांची इको तपासणी करावी लागते. हे चार-सहा आठवड्यांच्या उपचाराचं काम आहे, पाच दिवसांचं नाही.

प्रश्न : तीन आठवडे झाले, दोन अँटिबायोटिक झाली, संध्याकाळचा ताप जाईना, वजन उतरतंय. (भूमहून)

उत्तर : क्षयाची तपासणी आजच. डायलिसिसच्या रुग्णाला क्षय होण्याचा धोका इतरांपेक्षा कितीतरी जास्त असतो, आणि तो पुष्कळदा फुप्फुसाच्या आवरणात किंवा गाठींत असतो, म्हणून बेडका एकदा निर्मळ आला तरी पिच्छा सोडू नका. सीबीनॅट (क्षयाचा जंतू शोधणारी) तपासणी सरकारी केंद्रात मोफत होते. छातीच्या आवरणात पाणी असेल तर तेही काढून तपासावं.

क्षय निघाला तर एक गोष्ट ठासून सांगा. सरकारी उपचारात चार औषधं एकत्र असलेली गोळी वजनानुसार रोज देतात. या रुग्णाला ती तशीच चालत नाही. रिफॅम्पिसिन आणि आयसोनियाझिड नेहमीच्या मात्रेत रोज. पायराझिनामाइड किलोमागे २५ मिलिग्रॅम आणि एथॅम्ब्युटॉल किलोमागे १५ ते २५ मिलिग्रॅम, पण आठवड्यातून तीनदाच, आणि पाळीच्या दिवशी डायलिसिसनंतर. म्हणजे सुटी औषधं हवीत. जिल्हा क्षयरोग केंद्राकडे तशी मागणी करा. एथॅम्ब्युटॉल साचलं तर नजर जाते, लाल-हिरवा रंग ओळखायला चूक होऊ लागली तर लगेच सांगा. सोबत पायरिडॉक्सिनची (बी-६ जीवनसत्त्वाची) गोळी हवी. रिफॅम्पिसिनमुळे अ‍ॅम्लोडिपिनसारख्या गोळ्या निष्प्रभ होतात, रक्तदाब चढतो.

प्रश्न : आजारपणात नारळपाणी, डाळीचं पाणी, ओआरएस द्यावं का? पथ्य किती पाळावं? (जिंतूरहून)

उत्तर : नारळपाणी नको. एका पेल्यात सुमारे ५०० ते ६०० मिलिग्रॅम पोटॅशियम जातं, जवळपास दिवसाच्या परवानगीचा चौथा हिस्सा. ओआरएस जुलाब असतील तरच, विचारून. पाणी मोजताना चहा, ताक, वरण, पेज सगळं मोजा.

प्रथिनांचं पथ्य मात्र या दिवसांत सैल करा. डायलिसिस सुरू नसलेल्यांना एरवी किलोमागे ०.६ ते ०.८ ग्रॅम सांगितलेलं असतं, ते घट्ट धरून बसलं तर रुग्ण स्नायू गमावतो. डायलिसिसच्या रुग्णाला किलोमागे १.० ते १.२ ग्रॅम हवंच, आजारात थोडं जास्त. एका अंड्याच्या पांढऱ्या भागात साडेतीन ग्रॅम प्रथिनं असतात आणि फॉस्फरस कमी. दिवसाला तीन-चार देता येतात. न खाणाऱ्यांना मुगाची खिचडी, थोडं पनीर. घास उठवून बसवूनच द्या.

प्रश्न : लस कोणती, कधी? (जालन्याहून)

उत्तर : न्यूमोकोकसची १३ प्रकारांची लस आधी, निदान ८ आठवड्यांनी २३ प्रकारांची, आणि ती ५ वर्षांनी पुन्हा एकदा. २० प्रकारांची लस मिळाली तर ती एकच पुरते. फ्लूची दरवर्षी, पावसाळ्याच्या आधी, एप्रिल-मेमध्ये. आपल्याकडे पावसाळ्यात आणि हिवाळ्याच्या शेवटी फ्लूचे दोन भर येतात. मोठ्यांना या लसी विकत घ्याव्या लागतात, तरी दाखल होण्याच्या खर्चापुढे त्या स्वस्तच. दंड फिस्टुलाचा नको. डायलिसिस सुरू होण्याआधी घेतल्या तर शरीर जास्त चांगली दाद देतं, म्हणून क्रिएटिनिन तीन-चार असतानाच उरका. घरातल्या सगळ्यांनीही फ्लूची घ्यावी.

लस घेऊनही फ्लू झाला तर ओसेल्टामिविर पहिल्या ४८ तासांत. वेग १० ते ३० असेल तर ३० मिलिग्रॅम रोज एकदा. डायलिसिसवर असेल तर ३० मिलिग्रॅम लगेच आणि मग प्रत्येक पाळीनंतर. नेहमीची ७५ ची गोळी दोनदा देऊ नये.

प्रश्न : सात दिवसांत अँटिबायोटिक बंद केलं, पण एक्स-रेत डाग अजून आहे. पंधरा दिवसांनी पुन्हा दम लागू लागला. औषध अपुरं पडलं का? (उदगीरहून)

उत्तर : सात दिवस पुरेसे होते. ताप जाऊन दोन-तीन दिवस झाले, श्वास आणि रक्तदाब ठीक, तर पाच दिवसांतही थांबवता येतं. एक्स-रे साफ व्हायला सहा आठवडे किंवा जास्त लागतात. डागासाठी औषध लांबवू नये. तंबाखू-विडीची सवय असेल आणि वय पन्नाशीच्या पुढे असेल तर मात्र सहा आठवड्यांनी एक्स-रे पुन्हा काढाच, डागामागे गाठ लपलेली असू शकते.

पंधरा दिवसांनी आलेल्या दमाचं कारण बहुधा ड्राय वेटमध्ये आहे. आजारपणात माणसाचं मांस उतरतं. आधीचं ड्राय वेट ५४ होतं, मांस-चरबी तीन किलो गेली, तर खरं ड्राय वेट आता ५१ आहे. पण कागदावर ५४ च राहिलं असेल तर मशीन प्रत्येक वेळी तीन किलो पाणी अंगातच ठेवून थांबतं. काट्यावर वजन बरोबर दिसतं आणि छाती मात्र भरत जाते. मग पुन्हा न्यूमोनिया म्हणून अँटिबायोटिक सुरू होतं. पुढच्या पाळीला तंत्रज्ञाला सांगून ड्राय वेट दर पाळीला ३०० ते ५०० ग्रॅमने खाली आणायला किडनीतज्ज्ञांची परवानगी घ्या. पेटके आले किंवा रक्तदाब पडला की तिथे थांबा. जेवण सुधारल्यावर महिना-दीड महिन्यात तेच वजन पुन्हा वर न्यावं लागेल, त्यासाठी दर पंधरवड्याला विचारा.